म्हशीमागून आलेली वरात

सरदारबीच्या अंगाला हळद लागली होती आणि तोंडाला कुलूप. हळद घरच्या बायकांनी लावली, कुलूप सकिनाबीनं.

सकिनाबी म्हणजे तिची होणारी सासू. तेरणेच्या पल्याड घर, मुलाचं, बशीरचं, बांगड्यांचं दुकान, आणि कान असे तिखट की दहा गावांत त्यांचा दरारा. मोठ्या आवाजाची सून तिला नको होती. एक मुलगी तिनं हसण्यावरून नाकारली, दुसरी शिंकेवरून. सरदारबीला बघायला आली तेव्हा पोर भीतीनं अशी पुटपुटली, की सकिनाबी निहायत खूश झाली. "ही काय बोलती ते ऐकूच येत न्हाय," ती ज्याला त्याला सांगत सुटली. "अशीच पायजे!" आणि जाता जाता दम देऊन गेली, की निकाहात 'कबूल' म्हणेपर्यंत नवरीचा आवाज आमच्या माणसांच्या कानावर पडायचा नाही. पडला तर वरात आल्या पावली परत.

आता सरदारबीच्या गावात कुणालाही विचारा. ती माळावर उभी राहून म्हशींना हाक मारायची तेव्हा ओढ्यापलीकडची परकी जनावरंसुद्धा चरायचं थांबून मान वर करत. चाँदपाशा, तिचा बाप, कौतुकानं म्हणायचा, "आमच्या गावाला दवंडीवाला नको, माझी पोर हाय." ती पोर तीन दिवस कोपऱ्यात पिवळे कपडे घालून मुक्यानं बसली होती, ती कुणाच्या धाकानं नव्हे. बशीरसाठी. माकणीच्या बाजारात त्यानं तिच्या दोन्ही हातांत बांगड्या भरल्या होत्या, एकही न फोडता, आणि तिची मूठ सुटायला हवी होती त्याच्यापेक्षा थोडी उशिरा सोडली होती. तेवढ्यावर सरदारबीनं आपलं सगळं ठरवून टाकलं होतं. माणसं याहून कमी गोष्टींवर घरं बांधतात.

निजामाचं राज्य अजून जागच्या जागी होतं आणि दूर कुठंतरी मोठी लढाई चालली होती. लढाईपायी पेट्रोल मिळेना, म्हणून लांबच्या पुलावरून मोटारीनं यायचा बेत मोडला आणि वरात बिरदेवच्या नावेत बसली. तेरणा दोन्ही थड्या भरून चालली होती, पण बिरदेव म्हणाला, "माझ्या हातात सुकाणू हाय तवर भ्यायचं न्हाय."

त्याच्या हातात ते निम्म्या नदीपर्यंत राहिलं.

शेजारची शांतम्मा घाटावरून धावत आली ती पदर एकीकडं, श्वास एकीकडं. "अय्यो, सरदार! वाहून आलेलं बाभळीचं खोड नावंवर आदळलं गं. सुकाणू मोडून गेलं! बांबू बुडाला टेकंना. नाव नुसती गरागरा फिरतीया!"

सरदारबीनं कुलूप लावलेल्या तोंडानं नुसते डोळे मोठे केले.

"ताशेवाले अजून वाजवायलेत," शांतम्मा म्हणाली. "थांबा म्हणून सांगायला बी कुणाला सुचंना. आन् नाव चाललीया खडकाकडं."

खडक म्हणजे वळणाखालची काळी रांग. तिथं पुराचं पाणी शिंगं उगारून फुटायचं. सरदारबी उठून भिंतीच्या फटीला डोळा लावून उभी राहिली. नदी घरामागंच होती.

तिनं पाहिलं ते हसावं की रडावं असं होतं. नाव जात्यासारखी फिरत होती. एका फेऱ्याला सकिनाबीचं तोंड दिसे, पुढच्या फेऱ्याला पाठ, मग पुन्हा तोंड, आधीपेक्षा हिरवट. तिनं मुलाच्या सेहऱ्याची फुलं मुठीत घट्ट धरली होती आणि बशीर त्यामागं ओढला जात होता. दोन म्हातारे एकमेकांना सुकाणू कसं धरावं ते समजावून सांगत होते, ते नसताना. बिरदेव सगळ्यांवर एकाच वेळी ओरडत होता. आणि ताशा कडकडत होता, जणू नवरदेव घोड्यावरून वेशीत शिरतोय.

सरदारबीच्या भावानं, मुनवरनं, तेवढ्यात एक शहाणपण केलं होतं. घरची म्हैस लाडो पाण्यात डुंबत होती. तिच्या गळ्यातल्या दाव्याला लांब कासरा बांधून तो तिच्या पाठीवर बसला, नावेपर्यंत गेला आणि कासऱ्याचं दुसरं टोक नावेच्या कडीत अडकवलं. आता म्हशीनं काठाकडं पोहायचं, की नाव मागोमाग आली. बेत झकास होता. फक्त म्हशीला कुणी विचारलं नव्हतं. ताशा ऐकून ती बिथरली आणि नावेभोवती गोल पोहू लागली. आधी एकटी नाव फिरत होती, आता म्हैस नावेभोवती आणि नाव म्हशीभोवती. मुनवर तिच्या कानात ओरडला, शेपूट पिळली, शेवटी हात जोडले. लाडो त्याला ओळखच देईना.

"ती तुझंच ऐकती," शांतम्मा हळूच म्हणाली. "आई मेलेलं रेडकू तू बोटं चोखवून वाढवलंस. दुसऱ्या कुणाच्या हाकंला ती वळायची न्हाय."

सरदारबीला ते माहीत होतं. हेही माहीत होतं, की सकिनाबीचे कान त्या नावेतच बसलेत. हाक मारली तर बशीर काठावर येईल आणि वरात परत जाईल. गप्प बसली तर निकाह राहील, नवरदेव राहणार नाही. तिला भयंकर राग आला, नदीचा, सुकाणूचा, सगळ्यात जास्त त्या तिखट कानांचा. मग राग विसरून ती मागच्या दारानं पळाली.

"लाडोऽऽऽ! हय्योऽऽ, ये गं लाडोऽऽऽ!"

तीन दिवसांचा साठलेला आवाज होता तो. ताशेवाल्याच्या हातातून काडी पडली. लाडोनं पाण्यातच कान टवकारले, नाकपुड्या वर काढल्या आणि सरळ आवाजाच्या दिशेनं निघाली. कासरा ताणला. नावेनं एक शेवटचा अर्धा वळसा घेतला आणि म्हशीमागं गुमान चालू लागली.

पण सरदारबी उभी होती तिथं उंच दरड. तिथं नाव आपटली असती. उतार खाली रेतीवर होता, खडकांच्या अलीकडं. म्हणून ती काठाकाठानं धावत सुटली आणि धावता धावता हाका मारू लागली. ती चार पावलं पुढं गेली की म्हैस तेवढी वळे, म्हैस वळली की नाव वळे. नावेचं सुकाणू आता काठावरून पिवळ्या कपड्यांत पळत होतं. घाटावरची माणसं मागं धावू लागली, त्यांच्यामागं पोरं, पोरांमागं कुत्री. सरदारबी ठेचकाळली, चिखलात बसली आणि बसल्या बसल्या ओरडली. कुणाला तरी हसू फुटलं आणि मग ते आवरेचना, नावेतसुद्धा. बशीरचा सेहरा कधीच वाहून गेला होता. उघड्या तोंडानं तो नावेच्या टोकाला उभा राहिला आणि दोन्ही हात हलवून ओरडला, "आनिक जोरात! आनिक!"

असा नवरदेव कुठं बघितलाय? तिनं आणखी जोरात हाक दिली. घशात काहीतरी टरकन फाटल्यासारखं झालं. लाडो रेतीला लागली आणि तिच्यामागून अख्खी वरात.

सकिनाबी उतरली आणि जमीन तिच्याभोवती फिरू लागली. ती रेतीवरच फतकल मारून बसली. एका हातानं रेती धरली आणि विचारलं, "कोण वरडत हुतं?"

चाँदपाशाच्या तोंडचं पाणी पळालं. "गुराखीण हाय एक," तो म्हणाला. "गावातलीच. गेली बी ती."

सरदारबीला मान खाली घालून गर्दीत मिसळता आलं असतं. चिखलानं तिचा पिवळा रंगही दिसत नव्हता. पण बशीर समोरून तिच्याकडंच बघत होता, आणि ह्या माणसाच्या घरात जन्मभर पुटपुटत राहायचं ह्या विचारानं तिला एकदम रडू आलं.

"म्या वरडले," ती म्हणाली. आवाज कसला, नुसता घोगरा वारा.

सकिनाबीनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. एकदा तिच्याकडं, एकदा रेतीवर टेकलेल्या नावेकडं.

"म्या बोलले हुते," ती सावकाश म्हणाली, "आवाज कानावर पडला तर वरात परत जायाची. सकिनाबीचा शबुद हाय. फिरायचा न्हाय."

सरदारबीनं डोळे मिटले. चाँदपाशानं डोक्यावरची टोपी काढली.

"पन बसायचं कशात?" सकिनाबी ओरडली, आणि ओरडली ती सुनेच्या तोडीचं. "त्या मुडद्याच्या नावंत म्या मेले तरी पाय ठेवायची न्हाय! आमाला हितंच ऱ्हावं लागल. मग लोकं मोकळी बसून काय करतील? काझीला बोलवा!"

बशीर इतका हसला की त्याला बिरदेवनं धरावं लागलं. बिरदेव स्वतःच हसत होता, म्हणून दोघंही पडले.

दिवस कलायच्या आत निकाह लागला. नवरीचा होकार घेणारा वकील आणि दोन साक्षीदार पडद्याशी येऊन बसले आणि वकिलानं नवरीला विचारलं, कबूल आहे का. सरदारबीनं तोंड उघडलं. काहीच आलं नाही. हाकांनी घसा पार कोरडा ठाक झाला होता. वकिलानं पुन्हा विचारलं, साक्षीदार कान लावून पुढं झुकले. तिनं जोरानं मान हलवली. "मान चालत न्हाय, बेटी," वकील म्हणाला. "ऐकू आलं पायजे."

शेजारी बसलेल्या सकिनाबीला चक्कर अजून येतच होती. तोल सांभाळायला तिनं सुनेचा हात धरला होता, तो दाबला आणि म्हणाली, "मोठ्यानं म्हण, पोरी. लाजू नगं. पार नदीपल्याड ऐकू जाऊ दे."

सरदारबीनं पोटातून सगळा जोर लावला. "कबूल" आलं ते जेमतेम, चिरकं, मध्येच तुटलेलं. पण आलं, आणि पडद्यापलीकडं बशीर खुदकन हसला ते तिला स्पष्ट ऐकू आलं.