डबा घेऊन कुठे निघालात?

मित्रांनो, माझं तोंड कुठल्या बाजूला आहे ते आधी सांगून टाकतो. ओलं नाक दिसतंय ना, तिकडे. बाकी सगळे केसच. डोक्यापासून शेपटीपर्यंत पांढऱ्या, दोरीसारख्या जटा. मी कोमोंडोर जातीचा कुत्रा, आता जरा जुना झालेला. आमची जात मूळची हंगेरीची, मेंढ्या राखणारी. मी काही हंगेरी पाहिलेलं नाही. माझा जन्म ओहायोतला, डग नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कोठारातला.

डगकडे मेंढ्या होत्या. मी त्यांच्यातच झोपायचो, त्यांच्यातच उठायचो. लहान असताना तर मला वाटायचं की मीही मेंढीच आहे, फक्त मला गवत आवडत नाही.

काम मला कुणी शिकवलं नाही. मी बघत बसायचो, त्यातून शिकलो. तिकडे कायोटी नावाचा कोल्ह्यासारखा प्राणी असतो. तो येताना रिकामा येतो आणि जाताना त्याच्या तोंडात कोकरू असतं. म्हणजे भानगड येण्यात नाही, जाण्यात आहे. मग मी माझ्यापुरतं ठरवलं. येणाऱ्याला नीट हुंगून घ्यायचं आणि काही घेऊन जाणाऱ्याच्या वाटेत उभं राहायचं. तो चावला तरी त्याच्या तोंडात नुसती दोरी यायची.

पुढे डगचे गुडघे गेले. मेंढ्या विकल्या, शेत विकलं, तो मुलीकडे फ्लोरिडाला गेला. मी गेलो बेघर कुत्र्यांच्या एका संस्थेत. माणसं चांगली होती तिथली, पण माझ्या जटा एकेक करून सोडवायला वेळ कुणाकडे होता? त्या एकमेकींना चिकटून त्यांची सतरंजी झाली. लोक यायचे, फोटो काढायचे आणि लॅब्रेडोर घेऊन जायचे.

मग एक दिवस इशिता आली. शेजारच्या मिशिगन राज्यातल्या नोव्हाय गावची. हायस्कूलमधली मुलगी. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने माझ्या डोळ्यांवरच्या जटा बाजूला केल्या. "देअर यू आर," म्हणाली.

तिचे बाबा शशिकांत गाड्यांच्या कंपनीत ब्रेक डिझाइन करतात. त्यांनी गाडीत मागे वळून मला पाहिलं आणि म्हणाले, हा कुत्रा आहे की गालिचा? आई नीलांबरी समोर रस्त्याकडेच बघत होती. घरी आल्यावर मात्र तिने माझ्या जटा पाहून माझं नाव शंभू ठेवलं.

घर मजेशीर होतं. मला सगळ्याचं नवल वाटायचं. हे लोक घरात येताना पाय काढून ठेवतात, असं मला आधी वाटलं. नंतर कळलं ते बूट. सकाळी कुकर ओरडायचा आणि कुणी त्याला गप्प करायचं नाही. मराठी मला हळूहळू कळायला लागली. इशिताला कळायची, पण ती उत्तर इंग्लिशमधूनच द्यायची. ती रोज टीव्हीसमोर बसून माझ्या जटा बोटांनी मोकळ्या करायची. आंघोळ घातली की मी दोन-दोन दिवस वाळायचो नाही. शशिकांतांनी माझ्यासाठी बेसमेंटमध्ये पंखे लावले होते. मेंढ्या तीनच उरल्या होत्या आता, पण माझ्या होत्या.

मग संक्रांत आली. बाहेर हा एवढा बर्फ आणि नीलांबरीचं हळदीकुंकू.

मी दारातच बसलो होतो. बायका येत होत्या, मी एकेकीला हुंगून आत सोडत होतो. सगळ्या रिकाम्या हातांनी आल्या होत्या. आत हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला, हसणं झालं. आणि मग मी पाहिलं, नीलांबरी प्रत्येकीला घरातला एकेक स्टीलचा डबा देत होती. वाण म्हणतात त्याला, हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला दिसलं ते इतकंच की लोक रिकामे आले आणि घरातलं घेऊन निघाले.

सगळ्यात आधी उठल्या पद्मिनीकाकू. वयाने मोठ्या, त्यांचा शब्द तिथली सगळी मराठी मंडळी मानतात. त्या कोट घालून डबा हातात घेऊन दाराशी आल्या. मी उभा राहिलो. त्या डावीकडे सरकल्या, मीही सरकलो. त्या उजवीकडे, मीही. आधी त्या हसल्या. मग घाबरून मागे सरकल्या आणि बुटांच्या ढिगात बसल्या. कुंकवाची वाटी कार्पेटवर सांडली.

मी भुंकलो नव्हतो, दात दाखवले नव्हते. पण ते कुणाच्या लक्षात येणार?

"शशिकांत, देवाचं नाव ठेवलंस आणि दारात यम बांधलास," पद्मिनीकाकू म्हणाल्या. डबा तिथेच टाकून त्या गेल्या. मला गॅरेजमध्ये नेलं.

तिथून मला सगळं ऐकू येत होतं. शशिकांत चिडले नव्हते, लाजले होते, आणि ते जास्त वाईट असतं. उद्या कुणाला लागलं तर, म्हणत होते. इशिता रडत रडत भांडत होती. शेवटी त्यांनी संस्थेला फोन केला. शनिवारी मला परत सोडायचं ठरलं.

मला परत ती सतरंजी व्हायचं नव्हतं.

रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, त्यामुळे दोन दिवसांनी नीलांबरीची मैत्रीण आसावरी आली. तिला आधी ऑफिसमुळे जमलं नव्हतं. इशिताने गॅरेजचं दार मुद्दाम उघडं ठेवलं असावं. मी आपला जाऊन दारात बसलो. आसावरीचा फोन गाडीत राहिला होता. ती रिकाम्या हातांनी बाहेर गेली, मी हललो नाही. ती परत आली, हळदीकुंकू झालं, डबा घेऊन निघाली. मी उभा राहिलो.

आसावरी जागच्या जागी थिजली. "यार, हा मला सोडत नाहीये."

नीलांबरी मात्र माझ्याकडे बघत होती. आल्यापासून पहिल्यांदा इतकं नीट. ती हळूच म्हणाली, "डबा खाली ठेव बरं."

डबा खाली आला. मी बाजूला झालो. आसावरीने तो परत उचलला, मी परत आडवा.

"अगं, हा तुला नाही अडवत. डब्याला अडवतोय."

"म्हणजे मी चोर?" आसावरी म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या.

नीलांबरीने मग डबा स्वतःच्या हातात घेतला आणि घरातल्या चपलांवरच बर्फात निघाली. मी तिच्या शेजारून चाललो. आपलं माणूस आपली वस्तू नेतंय, त्यात अडवण्यासारखं काय? गाडीपाशी तिने डबा आसावरीच्या हातात ठेवला. मी पाहिलं. ठीक आहे, दिला म्हणजे दिला.

शशिकांत जिन्यातून बघत होते. पण शनिवारचं कॅन्सल करायला ते तयार होईनात. पद्मिनीकाकूंना काय सांगणार, हेच त्यांचं एक. "सांगू नका, दाखवू," नीलांबरी म्हणाली आणि तिने काकूंना शनिवारी सकाळीच चहाला बोलावलं.

काकू आल्या, पण कोट न काढता बसल्या. माझा पट्टा शशिकांतांच्या हातात होता, गाडीची किल्ली खिशात. चहा झाला. नीलांबरीने राहिलेला डबा उचलला आणि काकूंचा हात धरून अंगणातल्या बर्फातून सावकाश गाडीपर्यंत गेली. मी मागून, पट्टा धरलेले शशिकांत माझ्यामागे. डबा सीटवर ठेवला. मी शेपटी हलवली.

काकू गाडीत बसेनात. दार धरून उभ्याच राहिल्या.

"नीलांबरी, इतकी वर्षं झाली मला इथे. सगळे सोफ्यावरूनच बाय म्हणतात. गाडीपर्यंत पोचवायला तूच आलीस."

मग काकूंनी हातमोजा काढून माझ्या डोक्यावर हात ठेवला. जरा घाबरतच. "आणि हा," म्हणाल्या.

शशिकांतांनी तिथेच, बर्फात उभं राहून, संस्थेला फोन लावला.

मित्रांनो, हे लोक घरातले डबे वाटून का टाकतात, ते मला अजून नीट कळलेलं नाही. मी विचार करतोय. तुम्हीही एक करा. तुमच्या घरातला एखादा मुका जीव विचित्र वागला तर लगेच त्याला गॅरेजमध्ये कोंडू नका. जमिनीवर बसा, त्याच्या उंचीवर या आणि तो कशाकडे बघतोय ते बघा. आमच्याकडे आता एकही पाहुणा एकटा गाडीपर्यंत जात नाही. पुढे घरचं माणूस असतं आणि मागून मी.