अंगठ्याचं वजन

गाण्यातले ते आठ सेकंद ताईने अकराव्यांदा मागे घेतले.

“बिघडलंय का गं ते?” आईने आतून विचारलं.

“नाही. जरा ऐकू दे.”

“माझ्या लेकाचंच गाणं ना? मग मोठ्याने लाव की. मलाही कान आहेत.”

ताईने हेडफोन काढला नाही. नव्या गाण्यांतले कीबोर्डचे तुकडे कानाने शोधायचे, कागदावर उतरवायचे आणि ऑर्केस्ट्रातल्या वादकांना द्यायचे, हे तिचं बावीस वर्षांचं काम. हल्लीच्या गाण्यांत कीबोर्डचे चार-पाच थर एकावर एक चढवलेले असतात आणि गायकाच्या आवाजाखाली दडपलेले असतात. ताई ते कांद्यासारखे सोलून काढायची. ऑर्केस्ट्राचे मास्तर म्हणत, “ताईंसमोर कुजबुजायचीसुद्धा सोय नाही.”

हे गाणं तर हातचा मळ असायला हवं होतं. यात कीबोर्ड वाजवणारा तिचा धाकटा भाऊ होता. बारक्या. तो पाच तासांवरच्या मोठ्या शहरात एकटा राही आणि स्टुडिओंमध्ये वाजवी. त्याची बोटं पट्ट्यांवर पहिल्यांदा ठेवली ती ताईनेच. त्याचा हात ती हजारांत ओळखे.

पण हा डावा हात काहीतरी वेगळाच होता.

डाव्या हाताने वाजवताना सगळ्यांत खालच्या सुरावर करंगळी पडते आणि वरच्यावर अंगठा. अंगठा जड, करंगळी हलकी. कितीही रियाज केला तरी तो फरक थोडा उरतोच. इथे नेमकं उलटं होतं. खालचा सूर ठाम होता, वरचा बुजरा.

ताईने स्वतःच्या कीबोर्डवर तो तुकडा डाव्या हाताने वाजवला. जमेना. मग तिने उजवा हात आडवा नेऊन खालच्या पट्ट्यांवर ठेवला. हुबेहूब तेच वजन. दुसऱ्या मात्रेला किंचित घाई करणारं मधलं बोटही तेच, बारक्याच्या उजव्या हाताचं.

म्हणजे डाव्या हाताचं काम त्याने उजव्याने वेगळं वाजवून घेतलं होतं आणि मागाहून जोडलं होतं.

तिने त्याची जुनी गाणी काढली. दीड वर्षापूर्वीच्या गाण्यात डावा हात सप्तकभर उड्या मारत होता. पुढच्या गाण्यात उड्या नव्हत्या. त्यापुढच्यात एका वेळी एकच सूर उरला होता. तो तुकडा लिहिताना ती आईला म्हणाली होती, “आपलं पोरगं आता थोडक्यात बोलायला शिकलं.” दोघी किती खूश झाल्या होत्या.

तिने फोन लावला.

“बोल ताई! माझाच माल विकतेस, आता माझं कमिशन कधी देतेस?”

“बारक्या, या गाण्यात दोन्ही हात एकदमच वाजवलेस?”

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. “कोण म्हणालं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने आईला सांगितलं की मास्तरांबरोबर परगावी कार्यक्रम आहे, आणि ती बसमध्ये बसली.

भावाने दार उघडलं. डावा हात खिशात. खोलीत गेल्यावर तिचं एकेका वस्तूकडे लक्ष जाऊ लागलं. नाडीचे बूट कोपऱ्यात धूळ खात होते आणि दाराशी नव्या चपला होत्या. बरणीला झाकण नुसतं टेकवलेलं होतं. त्याने चहा केला, एकेक कप वेगळा आणून ठेवला.

“दाखव,” ताई म्हणाली.

त्याने हात बाहेर काढला. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट आत वळलेली होती. अंगठ्याजवळचा फुगीर भाग सपाट झाला होता.

“दुखतं?”

“दुखत नाही गं, तेच तर. दुखलं असतं तर वेळेवर गेलो असतो. नसांचं आहे म्हणतात. औषधाने वेग कमी होतो म्हणे. थांबत नाही.”

“आणि उजवा?”

“उजवा ठणठणीत!” तो पटकन म्हणाला. “काहींचा राहतो, डॉक्टर म्हणाले. आईला काही बोललीस?”

“नाही.”

“नको बोलूस. दौऱ्यानंतर मीच सांगेन.” हे गाणं गाणाऱ्या गायिकेबरोबर पुढच्या महिन्यात तो दौऱ्यावर जाणार होता. तिथे हे तुकडे हजारो लोकांसमोर वाजवायचे होते, एका दमात. “तिथे कुठलं मागाहून जोडणं? ताई, तू दुसऱ्यांचे तुकडे बसवून देतेस. माझे मलाच बसवून दे. एका हातापुरते.”

ताईने पर्समधून पेन्सिल काढली.

दुपारभर दोघं बसली. कुठला सूर काढला तरी गाणं ओळखू येतं आणि कुठला काढला की ते मरतं, हे ती ऐकून ठरवत होती. खालचा भार गिटारवाल्याकडे गेला. मधले सूर उजव्या हातात आले. बारक्या हसू लागला, लहानपणासारखा भांडूही लागला. “हा सूर नाही देणार मी!” “देशील, गप बस.” संध्याकाळपर्यंत तीन गाणी उभी राहिली, आणि ती खरंच चांगली वाटत होती.

“आता सलग वाजवतो,” तो म्हणाला. “डोळे मिटून ऐक.”

ताईने डोळे मिटले. पहिलं गाणं झालं. दुसऱ्याच्या मध्यावर एक सूर उजव्या हाताच्या अनामिकेवर येत होता. तो उशिरा पडला. अगदी केसभर. दुसऱ्या कुणालाही कळला नसता.

“पुन्हा,” ती म्हणाली.

पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदाही तिथेच.

“कसं झालं?”

“छान झालं.”

तिने कागद पुढे ओढला आणि दुसरं गाणं स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढलं. बारक्या तिच्या खांद्यावरून वाकून वाचत होता. एका ओळीवर तो थांबला.

“इथे एक सूर होता ना?”

“गर्दी होत होती,” ताई म्हणाली. तिने मान वर केली नाही.

त्याने उजव्या हाताची अनामिका एकदा वाकवून सरळ केली. मग स्टुलावर येऊन बसला, कागद समोर नीट लावला आणि तो सूर गाळून गाणं पहिल्यापासून वाजवू लागला.