पठाणपुऱ्याच्या दरवाजात थांबलेला टांगा

मी चांद्याचा टांगा. आज माझ्या गादीवर कोंबड्या बसतात आणि माझ्या दांड्यांवर लटारू टांगेवाल्याची सून गोधड्या वाळत घालते, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्यांना मी अडगळच वाटत असणार. पण फोर्ट स्टेशनात छोट्या रुळांच्या आगगाडीची शिट्टी झाली की माझ्या दिशेनं माणसं धावत यायची, असेही दिवस मी पाहिले आहेत.

मी आलापल्लीच्या सागवानाचा. झाडू नावाच्या सुतारानं मला घडवलं. चाकांवर तापलेली लोखंडी धाव चढवली आणि वर पाणी ओतलं, तेव्हा एवढी वाफ उठली की बघायला जमलेली पोरं पळाली. लटारूनं मला घरी नेलं, हळदकुंकू लावलं आणि बिजली नावाची तांबूस घोडी जुंपली. बिजली नावाचीच बिजली होती. तिला कसलीच घाई नसे. लटारूलाही नसे. त्याला गप्पा हव्या असत.

टांग्यातली माणसं मोठी गमतीची. घरी जे बोलत नाहीत ते माझ्यात बसून बोलतात. टांगेवाला पाठमोरा असतो, तोंड दिसत नाही, म्हणून असेल.

एका हिवाळ्यात, धानाची मळणी आटोपल्यावर, मूल गावाकडच्या गाडीनं एक कुटुंब उतरलं. डोमा नावाचा शेतकरी, त्याची बायको वच्छला, लहानगी चंदा आणि डोमाची म्हातारी माय, सुगंधाबाई. संध्याकाळच्या गाडीनं परतायचं होतं.

"भाऊ, दिवसभर चांदा दाखव आमाले," डोमा लटारूला म्हणाला. "महाकालीचं दर्शन, किल्ल्याची भिंत, इरई नदी. पोरीनं कायीच पाह्यलं नाई."

चंदा पुढं लटारूजवळ बसली. "माझं नाव या गावावरूनच ठेवलं," तिनं लगेच सांगून टाकलं. "आजीचं माहेर हाय इथी."

"मंग माहेरी जेवण असंल आज!" लटारू हसून म्हणाला.

मागं कोणीच हसलं नाही. डोमा म्हणाला, "त्या घरी आमी जात नाई, भाऊ."

लटारूनं पुढं विचारलं नाही. पण रामाळा तलावाच्या काठी डोमा पोरीला पाणी दाखवायला उतरला, तेव्हा वच्छलानंच हलक्या आवाजात सांगितलं. सुगंधाबाईची आई वारली, तेव्हा सख्ख्या भावानं, मुखरूनं, निरोपसुद्धा धाडला नव्हता. पावसाळा सरल्यावर कोण्या बांगडीवालीच्या तोंडून तिला कळलं. तेव्हा डोमा तान्हा होता. तेव्हापासून माहेर तुटलं ते तुटलंच. आईचं रडणं बघत मोठा झालेला डोमा मामाचं नावही काढू देत नसे.

सुगंधाबाई हे सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "बाई, तलाव लहान झाला का व? आमच्या वक्ती लय मोठा होता."

आम्ही महाकालीला गेलो. दर्शन झालं. झाडाखाली त्यांनी भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली, लटारूलाही बसवून घेतलं. मग भिंतीच्या कडेकडेनं इरईवर. चंदा पाण्यात पाय बुडवून किंचाळत होती. डोमानं तिला खांद्यावर घेऊन भिंतीवरचे बुरूज दाखवले. असा हसरा डोमा वच्छलानं फार दिवसांनी पाहिला असावा. ती त्याच्याकडेच बघत होती.

म्हातारी मात्र पाण्याकडे पाठ करून उभी होती. तिचे डोळे गावावर होते.

परतताना ती लटारूला म्हणाली, "भाऊ, पठाणपुऱ्याच्या दरवाजातून ने ना गाडी. माहेर हाय तिथी. फक्त दरवाजा पाहीन. उतरत नाई मी."

डोमा काही बोलला नाही. लटारूनं ते होकार समजून बिजलीला वळवलं.

दरवाज्याच्या दगडी कमानीखाली एक म्हातारा उकडलेले शिंगाडे विकत बसला होता. चंदानं हट्ट धरला. लटारूनं लगाम ओढला, पोरगी उतरून धावली. म्हाताऱ्यानं तिच्या ओंजळीत शिंगाडे टाकले आणि सहज विचारलं, "कोण्या गावची व तू?"

तिनं गाव सांगितलं. म्हाताऱ्याचा हात टोपलीतच राहिला.

"बापाचं नाव काय?"

"डोमा."

"आन् आजी... आजी हाय का तुयी?"

चंदानं माझ्याकडे बोट दाखवलं.

तो उठला. गुडघे धरत, भिंतीचा आधार घेत माझ्यापर्यंत आला. मागच्या बाजूला सुगंधाबाईनं पदर पार नाकापर्यंत ओढून घेतला होता.

"सुगंधे," तो म्हणाला.

डोमा ताडकन उभा राहिला. "लटारूभाऊ, हाक गाडी."

लटारूनं लगाम हातात घेतला. पण बिजली जागची हलली नाही. खरं सांगू? लटारूनं तिला इशाराच केला नव्हता.

पदराआडून आवाज आला, "माय गेली, तं मले काऊन नाई सांगितलं, दादा?"

मुखरूनं माझ्या पायरीवर हात टेकला. "नद्या भरल्या होत्या, सुगंधे. गाडी बंद होती. म्हटलं, पाणी उतरलं की मीच येतो सांगाले. मंग उशीर झाला. मंग म्हटलं, आता एवढ्या उशिरा काय सांगू? मंग अजून उशीर झाला." त्यानं मान खाली घातली. "मंग तोंडच दाखवाची लाज वाटाले लागली. तेवढंच हाय. दुसरं काईच नाई."

चंदा शिंगाडा सोलायचा विसरून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती.

सुगंधाबाईनं पदर मागं सारला. तिनं भावाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "किती म्हातारा झाला रे तू."

"तू काय पोरगी राह्यली का?"

आणि ती हसली. हसता हसताच तिला रडू कोसळलं, आणि वच्छला चटकन पुढं सरकून बसली. मागं जागा झाली. मुखरू चढू लागला, पण त्याचा पाय पायरीवर ठरेना. सगळे डोमाकडे बघत होते. डोमा खाली उतरला, त्यानं मामाच्या काखेत हात घातला आणि त्याला वर घेतलं.

शिंगाड्यांची टोपली वच्छलाच्या मांडीवर आली. स्टेशनपर्यंत बहीणभाऊ मागं, मागच्या रस्त्याकडे तोंड करून बसून बोलत होते. मायनं शेवटी काय खाल्लं, कोणाची आठवण काढली, आंगणातलं चिंचेचं झाड कोणी तोडलं. दरवाजा दूर जात होता, तो दोघांना एकदमच दिसत होता.

गाडी उभी होती. डोमानं मायला डब्यात चढवलं. मग वळून, मामाकडे न बघता म्हणाला, "पौषात मंडईची जत्रा हाय आमच्या गावची. नाटक राह्यते रातभर. माय वाट पाहीन." थोडं थांबून त्यानं पुढं जोडलं, "मीबी पाहीन."

पौषात मुखरूला मीच स्टेशनवर सोडलं. नवं धोतर, काखेत बहिणीसाठी लुगड्याची गाठोडी. मी जेवढी माणसं वाहिली त्यात एवढं हलकं ओझं दुसरं नव्हतं. पुढची दोन वर्षं ती दोघं येत जात राहिली. मग एकदा सुगंधाबाई येण्याऐवजी डोमा एकटाच आला, डोकं भादरलेलं. उतरल्या उतरल्या लटारूला म्हणाला, "भाऊ, जोरानं हाक. मामाले आजच सांगाचं हाय."

त्या दिवशी बिजली धावली. मी तिला तसं धावताना पुन्हा कधी पाहिलं नाही.

आता सायकलरिक्षा आल्या आहेत. बिजली गेली. लटारूचं कंबरडं वाकलं, तो ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून गप्पा मारतो. माझी चाकं काढून एका बैलगाडीला लावायचं ठरलं आहे. न्या. सागवान आहे, अजून पुष्कळ चालेल. बाकीचं चुलीत गेलं तरी माझी तक्रार नाही.

निघताना एवढंच मागतो. तुमच्या दारात कोणी फार उशिरा आला, तर त्याला आधी हात देऊन वर घ्या. उशीर का झाला, ते वाटेत विचारा.