साडेसात हजार फेऱ्यांनंतर

मित्रांनो, मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे आणि मी तुमच्यावर रागावले आहे. काल वर्ग सुटल्यावर तुमच्यापैकी कुणीतरी माझ्या अंगावरच्या खाचेत खोडरबर कोंबलं. गेल्या आठवड्यात तिथे पेन्सिलीच्या सालींचा भुगा होता. तुमच्या बाईंनी तो फुंकर मारून काढला आणि तुम्हाला एका शब्दानेही विचारलं नाही. त्या बोलणार नाहीत, म्हणून मला तोंड उघडावं लागतंय. ही खाच कशी पडली ते एकदा ऐका, मग काय कोंबायचं ते कोंबा.

मला घडवलं बाईंच्या बाबांनी. ते गिटारी करणारे कारागीर नव्हते. पंख्यांच्या आणि पंपांच्या जळलेल्या मोटारींना नवी तार भरणं हा त्यांचा धंदा. दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकणार नाहीत एवढं अरुंद दुकान, भिंतीवर तांब्याच्या तारेची रिळं आणि सगळीकडे व्हार्निशचा वास. तुमच्या बाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. सकाळी डोळे उघडले की तोंडाचा पट्टा सुरू, म्हणून घरात सगळे त्यांना टकळी म्हणायचे. टकळीने गिटार मागितली. बाबा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. वाद्यांच्या दुकानातला आवाज मोठा करणारा ॲम्प बिघडला होता, तो दुरुस्त करायला जाताना ते तिला बरोबर घेऊन गेले.

तिथे चार गिटारी टांगलेल्या होत्या. ॲम्प सुरू झाल्यावर बाबांनी दुकानदाराला चारही वाजवून दाखवायला सांगितल्या आणि टकळीला डोळे मिटायला लावले. पहिलीला ती म्हणाली, ही तोंडावर स्पष्ट सांगून टाकते. दुसरी विहिरीत वाकून बोलते. तिसरीचं पोट भरलेलं आहे, आणि चौथी शेजारच्या खोलीत गुणगुणते. बाबांनी मान डोलावली आणि खिशातली मोजपट्टी काढली.

आता नीट ऐका, कारण 'विजेवर चालतात ना, मग सगळ्या सारख्याच' हे वाक्य मी या वर्गात इतक्यांदा ऐकलं आहे की माझं डोकं फिरतं. आमचा आवाज विजेतून येत नाही. तारांखाली जो लांबट तुकडा दिसतो त्याला पिकअप म्हणतात. त्यात लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेळा गुंडाळलेली असते. वरची पोलादी तार थरथरली की त्या गुंडाळीत बारीकसा प्रवाह उठतो, आणि ॲम्प तोच मोठा करून ऐकवतो. गुंडाळी कशी आहे, किती आहे आणि तारेच्या कुठल्या जागेखाली बसवली आहे, यावर निम्म्याहून जास्त खेळ ठरतो.

चौघींपैकी पहिली म्हणजे सपाट फळी. मान चार स्क्रूंनी जोडलेली आणि एक पिकअप अगदी घोडीपाशी तिरका बसवलेला. घोडी म्हणजे जिथे तारा टेकतात ती जागा. तिथे तार ताठ असते, म्हणून आवाज कडक येतो. दुसरीला दोन शिंगं होती आणि बरगड्यांना टोचू नये म्हणून तिचं अंग घासून गोल केलेलं होतं. तिला तीन पिकअप. त्यातले दोन एकदम चालू केले की आवाज पोकळ होतो, आणि पाठीत स्प्रिंगा असल्यामुळे दांडी दाबली की सूर डुलतो. तिसरी उचलताना दुकानदाराची कंबर धरली. तिची मान धडाला चिकटवलेली, तारा इंचभर आखूड आणि म्हणून थोड्या सैल. तिच्या प्रत्येक पिकअपमध्ये दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी होत्या, अशा उलटसुलट जोडलेल्या की विजेची घरघर एकमेकींत मारली जाते आणि उरतो तो जाडजूड, लांबणारा सूर. चौथी आतून पोकळ. तिच्या पोटातली हवाही बोलते, पण स्पीकरसमोर जोरात वाजवली तर ती हंबरडा फोडते. लाकडाचा यात वाटा किती, यावर कारागिरांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. मी त्यात पडत नाही.

बाबांनी मला पहिलीसारखं करायचं ठरवलं, कारण तिच्यात लपवालपवी नव्हती. दुकानातल्या दोन बाकांपैकी जुना मोडून त्याची जाड फळी कापली. मान मात्र एका सुताराकडून करून घेतली. पिकअपसाठी त्यांनी छोट्या ट्रान्सफॉर्मरची सर्वांत बारीक तार काढली आणि ती आपल्या हँडलच्या यंत्रावर गुंडाळायला घेतली. यंत्राचा मोजणीचा काटा केव्हाच बंद पडला होता. ते तोंडाने मोजत आणि दर शंभर फेऱ्यांना बाकावर खडूची रेघ ओढत. आठ हजारांवर थांबायचं ठरलं होतं.

पंचाहत्तर रेघा झाल्या आणि टकळी शाळेतून आली. तिचं मैत्रिणीशी भांडण झालं होतं. ती यंत्राशेजारी बसून ते भांडण पहिल्यापासून सांगू लागली. शहाण्या माणसाने तिला गप्प केलं असतं किंवा हात थांबवला असता. बाबांनी दोन्ही केलं नाही. ते हँडल फिरवत राहिले आणि ऐकत राहिले, आणि तिचं सांगून झालं तेव्हा मोजणीचा पत्ता नव्हता. त्यांनी तार कापली आणि पिकअपच्या तळाला पेन्सिलीने लिहिलं, '७५०० पर्यंत मोजल्या. पुढे टकळी बोलायला आली.'

त्या चुकीतून माझा आवाज झाला. फेऱ्या वाढल्या की आवाज मोठा आणि जाड होतो, टोक थोडं बोथट होतं. मी दिसायला पहिलीसारखी आणि बोलायला कुणासारखीच नाही. टकळी मोठी झाली आणि तिने मला कितीतरी हॉलमध्ये वाजवलं. एकदा एक म्हातारे श्रोते तिला म्हणाले होते, तुझी गिटार रडत नाही, भांडते. यापेक्षा मोठी शाबासकी मला पुन्हा मिळाली नाही. माझ्यात एकच गुंडाळी, त्यामुळे विजेची घरघर यायचीच. ॲम्प लावला की आधी 'घूं' व्हायचं आणि मग सूर. टकळीला ती घरघर आवडायची. बाबा गेल्यावर तर ती पहिला सूर लावण्याआधी क्षणभर तेवढीच ऐकत बसायची.

आणि आता तिच्या दादाबद्दल. तो तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. आजही त्याचं नाव काढलं की माझ्या खुंट्या आवळल्या जातात.

टकळीच्या स्वतःच्या चालींचं पहिलं रेकॉर्डिंग ठरलं होतं. रेकॉर्डिंग करणारा माणूस चाचणीच्या वेळी कुरकुरला, गिटार फार घरघरते. दादाने ते ऐकलं. टकळी तीन आठवडे परगावी शिकवायला गेली, तेवढ्यात हा मला एका मेकॅनिककडे घेऊन गेला. तिला विचारलं नाही. फोन सगळ्यांच्या खिशात असतात, पण विचारलं नाही. मेकॅनिकने बाबांचा पिकअप उपटला आणि स्क्रूंच्या डब्यात भिरकावला. दोन गुंडाळ्यांचा पिकअप रुंद असतो, तो माझ्यात मावेना, म्हणून पटाशी लावून माझं लाकूड फोडलं. बाबांनी कानशीने घासून जी कड गुळगुळीत केली होती तीच कड. मित्रांनो, तुम्ही ज्यात खोडरबर कोंबता ती हीच खाच.

टकळी आली तेव्हा दादाने मला फडक्याने पुसून, लाल फीत बांधून पुढे केलं. तिने मला ॲम्पला लावलं आणि घरघरीची वाट पाहिली. ती आली नाही. तिने एक तार छेडली. आवाज स्वच्छ, गुबगुबीत, पोट भरलेला. दुसऱ्या कुणाचातरी. तिने मला खाली ठेवलं.

"माझी गिटार कुठे आहे?" ती म्हणाली.

"अगं, हीच की. घरघर गेली बघ. तुझ्या चांगल्यासाठीच केलं."

चांगल्यासाठी! जगात जितकं मोडलं आहे, त्यातलं अर्धं कुणीतरी कुणाच्यातरी चांगल्यासाठी मोडलं असेल. टकळी भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. रेकॉर्डिंग रद्द झालं, आणि जिचं तोंड कधी मिटलं नव्हतं ती चार महिने भावाशी एक शब्द बोलली नाही. मी खोक्यात पडून होते. मोडकं असण्यापेक्षा दुसऱ्याच्या आवाजात बोलावं लागणं वाईट, हे मला तिथे कळलं.

शेवटी दादा त्या मेकॅनिकचा डबा उपसायला गेला. पिकअप सापडला, पण स्क्रूंच्या टोकांनी तार शंभर जागी तुटली होती. रुमालात गुंडाळून त्याने तो आणला आणि टकळीच्या हातात दिला. तिने तो उलटा केला. बाबांचं अक्षर शाबूत होतं. तिने ते वाचलं, त्याला वाचायला दिलं आणि बाबांच्या दुकानाची किल्ली शोधू लागली.

यंत्रावरची धूळ झाडली, पिकअपवरची तुटकी तार काढली, नवं रीळ लावलं. टकळी हँडल फिरवू लागली आणि मोजू लागली. दर शंभराला दादा बाकावर खडूची रेघ ओढत होता. मधे दोनदा तार तुटली, दोन्ही वेळा पहिल्यापासून सुरुवात. तिसऱ्या खेपेला पंचाहत्तर रेघा झाल्या. टकळीचा हात चालूच होता.

"आता तू बोल," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"जे आहे ते. संपेपर्यंत मी थांबणार नाही."

दादा आधी इकडचं तिकडचं बोलला. मग त्याची गाडी रुळावर आली. बाबा ही गिटार करत होते तेव्हा रीळ धरायला मी होतो, फळी धरायला मी होतो, असं तो म्हणाला. त्याच्या हाताला तेव्हा घट्टे पडले होते.

"माझ्यासाठी त्यांनी काहीच केलं नाही गं. घरघर हे निमित्त होतं. या गिटारीत माझंही काहीतरी असावं, एवढंच मला वाटत होतं. पण तुला विचारायला हवं होतं. चुकलो मी."

टकळीचे डोळे भरले होते, पण हात थांबला नाही. तो बराच वेळ बोलला. बोलून झालं तेव्हा तिने तार कापली आणि पेन्सिल घेऊन बाबांच्या ओळीखाली लिहिलं, 'पुन्हा ७५०० पर्यंत मोजल्या. पुढे दादा बोलला.'

सगळं जिथल्या तिथे आलं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. जुना आवाज परत आला नाही. दादाकडे साठलेलं जास्त होतं, त्यामुळे फेऱ्याही जास्त झाल्या, आणि मी आता पूर्वीपेक्षा जाड आवाजात भांडते. घरघर मात्र आली. ती ऐकून दोघं बहीणभाऊ हसले. मी हसले नाही. मी त्याला अजून माफ केलेलं नाही, आणि करायचंच असेल तर सावकाश करीन.

बाबांचा पिकअप अरुंद, फोडलेली जागा रुंद, म्हणून शेजारी ही खाच उरली. दादा ती लाकडाने भरून द्यायला तयार होता. या वेळी त्याने आधी विचारलं. टकळी म्हणाली, राहू दे.

तेव्हा मित्रांनो, कुणाची वस्तू सुधारायला हात शिवशिवले तर आधी मालकाला विचारा. तिची खोड वाटते ती कदाचित कुणाची तरी आठवण असेल. आणि ज्याने खोडरबर कोंबलं आहे त्याने उद्या वर्ग सुरू होण्याआधी येऊन ते स्वतःच्या हाताने काढावं. बाई रागावणार नाहीत. त्या हातातलं काम चालू ठेवतील आणि तुमचं बोलून होईपर्यंत ऐकतील.