चौथा व्हॉल्व्ह

फोल्कमार माझा सख्खा भाऊ आहे म्हणून सांगते, असला हेकट माणूस अख्ख्या वुपरटालमध्ये सापडायचा नाही.

बाबा गेले आणि त्यांनी घरी बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला. त्यातला ट्रान्सफॉर्मर बाबांनी स्वतः तार गुंडाळून केलेला. तो जळला तर संपलंच. आम्हा दोघांनाही तो अ‍ॅम्प्लिफायर हवा होता. शेवटी बाबांच्या रेकॉर्ड ऐकण्याच्या क्लबातल्या हार्टविगकाकांनी तोडगा काढला: जो आधी दुरुस्त करून वाजवून दाखवेल, त्याने घरी न्यावा.

चार व्हॉल्व्ह, म्हणजे दिव्यासारख्या काचेच्या नळ्या, मिळून अ‍ॅम्प्लिफायरचा भार उचलतात. त्यातला एक उडाला होता. एक उडाला की चारही बदलायचे, तेही एकमेकांशी जुळणारे, हे बाबांनी आमच्याकडून घोकून घेतलेलं. मी जुळणारे चार शोधत बसले. या शहाण्याने तीन थकलेले तसेच ठेवले, एक नवाकोरा खोचला आणि रविवारी दुपारी अ‍ॅम्प्लिफायर क्लबात आणून मांडला.

"मीटर बघा, बाईसाहेब. करंटचा आकडा बरोब्बर आहे."

"तो चौघांचा मिळून आहे, गाढवा! तिघं आळसावलेत, सगळं ओझं नव्यावर पडणार."

"जळतेस ना? जळ."

रेकॉर्ड लागली. क्लबाचा नियमच आहे, संगीत चालू असताना सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि तोंड उघडायचं नाही. मी मात्र डोळे टक्क उघडे ठेवून बसले. थोड्याच वेळात नव्या व्हॉल्व्हमधली पत्र्याची पट्टी शेगडीसारखी लाल व्हायला लागली.

"फोल्कमार, बंद कर!"

"श्श!" चारी बाजूंनी.

मी उठले आणि प्लग उपटला.

सगळ्यांनी डोळे उघडले तेव्हा लाली विरली होती. चारही व्हॉल्व्ह निमूट, जणू काही झालंच नाही.

"पट्टी लालभडक झाली होती, काका!"

"कुठे?" हार्टविगकाका वाकून बघत म्हणाले. "भावाचं चांगलं बघवत नाही तुला. शी!"

"खोटं बोलतेय ती," फोल्कमार हसला. "हिल्डे, लाव ना परत. दाखव सगळ्यांना."

प्लग माझ्या हातात होता. लावला असता तर मिनिटा-दोन मिनिटांत सगळ्यांची तोंडं बंद झाली असती, पण तो व्हॉल्व्ह उडताना बाबांचा ट्रान्सफॉर्मरही जाळून गेला असता. माझा हात काही पुढे गेला नाही.

"बघितलंत?" फोल्कमार म्हणाला.

काकांनी अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या हवाली केला. मी गाडीपर्यंत धावत गेले. त्याचं थोबाड फोडावंसं वाटत होतं, आणि मी हात जोडून उभी होते.

"घेऊन जा, तुझाच आहे. फक्त चारही बदल. पाया पडते तुझ्या."

"आता पाया पडतेस?" त्याने गाडी चालू केली. "घरी पोचल्या पोचल्या लावतो. फुल्ल आवाजात."