खांबाची तहान

इंजिनिअरबाईंनी शिंप्याच्या खोलीतल्या खांबाच्या पायथ्याशी साचलेली पांढरी पूड नखाने खरवडली आणि सरळ जिभेवर ठेवली. शिंप्याच्या बायकोने तोंडावर हात ठेवला.

“खारट आहे,” बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, “आणि गोडसुद्धा.”

गोडाचं मुंग्यांना आधीच ठाऊक होतं. त्यांची रांग शिलाई मशीनखालून निघून थेट खांबाच्या भेगेत शिरत होती.

बाईंचा अख्खा जन्म आजारी इमारती बघण्यात गेला होता. ओल लागली की सळई गंजते, गंज फुगतो आणि आतून काँक्रीटला ढकलून त्याचे पापुद्रे काढतो, हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. त्यात मीठ मिळालं तर मग विचारायलाच नको. पण इथे पाणी आणि मीठ आलं कुठून? वर न्हाणीघर नाही, भिंतीत नळ नाही, बाकीची फरशी ठणठणीत कोरडी. त्यांनी हातोडीने ठोकून पाहिलं. कमरेपर्यंत खांब फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजला.

“आजच टेकू लावायचे,” त्या म्हणाल्या. “उद्यापासून फोडायला घेऊ.”

शिंप्याने हातातली कात्री खाली ठेवली नाही. “फोडायलाच पाहिजे?”

“वर चार बिऱ्हाडं राहतात. तुम्हीच सांगा.”

तेवढ्यात खांबातून आवाज आला. टक, टक, टक. बाईंची हातोडी फरशीवर पडून होती.

शिंप्याची बायको उठली. तिने पेल्यात पाणी घेतलं, चिमूटभर मीठ आणि चमचाभर साखर घालून ढवळलं, आणि खाली बसून खांबाच्या पायथ्याशी हळूहळू ओतलं. निजलेल्या माणसाला ठसका लागू नये म्हणून पाजतात, तसं. बाई समोर आहेत याचं तिला भानच नव्हतं. भान आलं तेव्हा ती पेला हातात धरून तशीच बसून राहिली.

“आईची खाट इथे होती,” शिंपी म्हणाला. “खांबाला लावून. शेवटी वाचा गेली तिची. तहान लागली की बोटातल्या शिवणाच्या अंगुस्तानाने खांबावर ठोकायची. डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी सांगितलं होतं.”

“आणि गेल्यावर?”

“ठोकत राहिली,” तो म्हणाला. बाहीचं माप सांगावं इतक्या साधेपणाने. “जिवंतपणी तिला कधी पाण्यासाठी ताटकळत ठेवलं नाही. आता कसं ठेवू?”

बाईंना राग आला. “अहो, तुमचं पाणीच खांबाला खातंय,” त्या म्हणाल्या. “सळई फुगते, काँक्रीट तडकतं, त्याचा हा आवाज. आवाज आला की तुम्ही पाणी देता, आणि पाण्याने आवाज वाढतो.”

“मग पहिला आवाज कशाचा होता, ताई?” बायकोने हळूच विचारलं. “आई गेल्या त्याच आठवड्यात आला. तेव्हा खांब अगदी धड होता.”

बाईंनी हत्यारं आवरायला घेतली.

काम मात्र त्यांनी चोख केलं. टेकूंवर भार तोलून धरला, मीठ मुरलेलं काँक्रीट सळयांच्या मागपर्यंत फोडून काढलं. गंज घासून सळया चकचकीत केल्या, झिजलेल्यांना नव्या जोडल्या आणि भोवती साचा लावून सगळं नव्या काँक्रीटने भरलं. फोडाफोडी चालू होती तोवर शिंपी बाहेर पायरीवर बसून होता. हातात शिवण होती, पण टाका एकही पडला नाही.

साचा निघाल्यावर बाई म्हणाल्या, “आता आठवडाभर गोणपाट गुंडाळून पाणी मारायचं. साधं पाणी. नवं काँक्रीट कोरडं पडू द्यायचं नसतं.”

शिंप्याचा चेहरा उजळला. ते बघून बाईंना बोलणं जड गेलं.

“आणि नंतर एक थेंबही नाही,” त्या म्हणाल्या. “वचन द्या.”

त्याने दिलं.

काही महिन्यांनी बाई तपासणीला आल्या. रस्त्याने येताना काही वाटलं नव्हतं, पण खोलीत पाऊल टाकताच घसा कोरडा पडला. खांब सरळ, रंगवलेला. मुंगी औषधालाही नाही. शिंपी खूप वाळला होता. मशीन चालवताना तो मध्येच थांबून कान देत होता.

“आवाज?” बाईंनी विचारलं.

“नाही. वचन दिलंय ना. आला नाही तेच बरं म्हणायचं.” त्याने दोरा तोडला. “आला असता तर पाळलं गेलं नसतं.”

तो पुन्हा मशीन चालवू लागला. बाई खाली वाकून पिशवीची चेन उघडू लागल्या, तोच आतून बायको आली. हातात पेला, त्यात चमचा अजून फिरत होता.

“तुम्हीच ठोकलंत ना आत्ता?” तिने विचारलं.

मशीन थांबलं. शिंपी खुर्चीवरून अर्धवट उठला होता आणि बाईंच्या तोंडाकडे बघत होता. हातोडी अजून पिशवीतच होती.

“हो,” बाई म्हणाल्या. “मीच ठोकलं.”

शिंपी परत बसला. बाईंनी तिच्या हातातून पेला घेतला. खारट-गोड पाणी एका दमात संपवलं, तळाची न विरघळलेली साखरसुद्धा. फरशीवर एक थेंब पडू दिला नाही.

“अजून देऊ?” बायकोने विचारलं.

नको म्हणायला बाईंनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. घसा तसाच कोरडा होता. त्यांनी हात लांब केला आणि बोटाने खांबावर ठोकलं.