केसांतला हात

बंडोपंतांनी रुख्मिणीचे केस धरले आणि तिला फरफटत रंगमंचाच्या कडेला आणलं. देवळी गावच्या नाटकाच्या मंडपात बाया शिव्या देऊ लागल्या. ती कोसळली तशी चोळीची बाही वर सरकली आणि दंडावरचे काळेनिळे वळ पुढच्या रांगेला दिसले.

"अरे, हा खरंच मारून राह्यला तिले," रांगेतलं कुणीतरी ओरडलं.

खुर्च्या उडाल्या. सगळ्यांत आधी वर चढला तो तिचा नवरा गजेंद्र, हातात मंडपाचा बांबू घेऊन. पहिलाच फटका बंडोपंतांच्या कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज रुख्मिणीनं ऐकला. मागून आलेल्यांनी त्यांच्या तोंडावर बुक्क्या घातल्या. खोटी मिशी रक्तात भिजून गालावर लोंबू लागली.

त्या माणसाची सारी हयात खलनायकीत गेली होती. दोनेक सिनेमांतही त्यांनी मारच दिला नि मारच खाल्ला. सेलूच्या बाजारात ते दिसले की बाया पोरं जवळ ओढून घेत. पण रुख्मिणीच्या केसांत त्यांची मूठ कधी आवळलीच गेली नाही. तीच दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरी, तीच पुढं ओढी. ते नुसते मागून जात. तालमीत एकदा तिच्या दंडाला हात लागताच ती कळवळली, तेव्हापासून त्यांनी दंड धरायचंच सोडलं होतं. विचारलं मात्र काही नाही.

बंदोबस्ताच्या जमादारानं गर्दी हटवली. वळ कुणाचे, म्हणून विचारलं.

"माह्येच," बंडोपंत रक्त थुंकून म्हणाले. "जोर आवरत नाई मले."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच तिला गप्प राहायला सांगितलं. तिला अजून गजेंद्रबरोबर घरी जायचं होतं.

ती उठली. त्यांचा धड हात उचलून तिनं आपल्या केसांत ठेवला, मनगट धरलं आणि चार पावलं स्वतःच त्यांना ओढत नेलं.

"पाहा, जमादारसाहेब. बंडोपंतायचा हात असा राह्यते. तुटला का एक तरी केस?"

केस तसेच मोकळे ठेवून ती गजेंद्रकडे वळली.

"आता तुमी धरा जी. लोकायले पाहू द्या."

गजेंद्रनं बांबू या हातातून त्या हातात घेतला. पुढं आला नाही.

खाली उभ्या असलेल्या बाया आता बंडोपंतांकडे पाहत नव्हत्या.